सोळा हजार फुटांवर किती किलो?

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की इथल्या गांधीनगरच्या लष्करी विमानतळावरची हवा इतकी विरळ होते की तिथे उभं असलेलं हेलिकॉप्टर घनतेच्या हिशेबात दीड हजार मीटरांच्याही वर जाऊन बसतं. जागचं न हलता जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. चाकं नाशिकच्या 'उपनगर' वस्तीशेजारी, पण पात्यांना मिळणारी हवा कळसूबाईच्या थंडीतल्या पहाटेची. वैमानिक नकाशावरची उंची बघतो ती डोंगराला धडकू नये म्हणून. यंत्र आज किती ओझं उचलेल, हे मात्र त्याला या दुसऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचीवरून ठरवावं लागतं.

२८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी (एचएएल) १५६ 'प्रचंड' लढाऊ हेलिकॉप्टरांचे दोन करार केले. ६६ हवाई दलाला, ९० लष्कराला. कर सोडून ६२,७०० कोटी रुपये. त्यावर झालेली चर्चा दोन ठरलेल्या गटांत वाटली गेली. एकाला स्वदेशीचा अभिमान पुरेसा वाटतो. दुसरा विचारतो, ड्रोनच्या जमान्यात हेलिकॉप्टर हवंच कशाला? या वादात ती न दिसणारी उंची कुठेच येत नाही. खरेदी योग्य आहे असं माझं मत आहे, पण त्याचं कारण एकच आहे आणि ते उंचीचं आहे. म्हणूनच या खरेदीचा हिशेबही त्याच उंचीवर मागायला हवा: सोळा हजार फुटांवर किती किलो शस्त्रं, आणि वर्षातले किती दिवस.

कारगिलपासून सुरुवात करू, कारण प्रचंडचा जन्म तिथला. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोर १५-१६ हजार फुटांवरच्या कड्यांवर बसले होते. हवाई दलाकडे तेव्हा एमआय-२५ आणि एमआय-३५ ही खरीखुरी लढाऊ हेलिकॉप्टरं होती. पण ती सोव्हिएत धाटणीची, ११-१२ टनांची, पोटात आठ सैनिक घेऊन फिरणारी जड यंत्रं. सपाट मैदानात त्यांचा दरारा. त्या उंचीवर शस्त्रं घेऊन ती झुंजूच शकत नव्हती. मग मालवाहू एमआय-१७ ला रॉकेटचे पॉड बांधून पाठवावं लागलं. २८ मे रोजी तोलोलिंग शिखरावर त्यातलं एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे, सोडायची यंत्रणा नव्हती. चौघे गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आलं आणि पुढचं काम लढाऊ विमानांनी उंचावरून केलं.

यात दोन निरनिराळे दोष होते. यंत्राला उंची झेपत नव्हती, हा एक. ज्याला झेपत होती ते लढाईसाठी बनलेलं नव्हतं, हा दुसरा.

हवा विरळ झाली की हेलिकॉप्टरचं नेमकं काय बिघडतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पुढचे सगळे वाद तिथेच सुटतात. रोटर हवेला खाली ढकलतो आणि त्या प्रतिक्रियेवर यंत्र तरंगतं. ४,८०० मीटरवर ऑगस्टमधल्या उबदार दिवशी, तापमान १० अंश धरलं तर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास राहते. तेवढंच वजन तेवढ्याच रोटरने स्थिर तरंगत ठेवायला लागणारी शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे इथे साधारण एक तृतीयांश जास्त. आणि इंजिनही तीच विरळ हवा पितं, त्यामुळे त्याची कमाल ताकद निम्म्याच्या थोडी वर उरते. मागणी सव्वापट-दीडपट, पुरवठा निम्मा. संसार असा चालत नाही, हेलिकॉप्टरही नाही.

यावर उपाय दोनच. पाती फिरतात त्या चकतीच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन कमी ठेवायचं, आणि खाली गरज नसलेलं मोठं इंजिन वरच्यासाठी बाळगायचं. खालच्या हवेत गिअरबॉक्स जेवढं पेलतो तेवढीच ताकद इंजिनातून घ्यायची. वर गेल्यावर इंजिन थकत आलं तरी गिअरबॉक्सला पुरेल एवढं त्याच्याकडे शिल्लक राहतं. नाशिककरांच्या डोक्यावरून रोज जाणारं चीता हेलिकॉप्टर हे याचं जुनं आणि नमुनेदार उदाहरण. त्याचं आर्टूस्ट इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचं, पण वापर ५५० पर्यंतच बांधलेला. या यंत्राच्या फ्रेंच मूळ अवताराने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरचा जागतिक उच्चांक केला तो याच शिलकीवर. सियाचीनच्या चौक्यांना चीता आजवर जगवत आलं त्यात जादू काही नाही. हलकं अंग आणि राखून ठेवलेलं इंजिन, बस्स.

आता प्रचंड. कमाल उड्डाणवजन ५.८ टन, रोटरचा व्यास १३.३ मीटर, सुमारे १,४०० अश्वशक्तीची दोन 'शक्ती' इंजिनं. फ्रान्सच्या कंपनीबरोबर विकसित केलेली. भागाकार करून बघा: पात्यांच्या चकतीच्या दर चौरस मीटरवर ४२ किलोचा भार, आणि दर टनामागे ४८० च्या आसपास अश्वशक्ती. अमेरिकी अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरचं कमाल वजन १०.४ टन, रोटर १४.६३ मीटर, तिथे दर चौरस मीटरवर ६२ किलो आणि टनामागे ३८० अश्वशक्ती. अपाचे वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याचा जन्म युरोपच्या मैदानावर सोव्हिएत रणगाड्यांचे लोंढे थोपवण्यासाठी झाला. जाड चिलखत, रोटरच्या डोक्यावर रडार, ३० मिमीची तोफ, हेलफायर क्षेपणास्त्रं, हे सगळं वजन तिथे शोभतं. राजस्थान-पंजाबात आपल्यालाही तेच हवं. म्हणून हवाई दलाची २२ अपाचे आणि लष्कराची ६ ही खरेदी चुकीची नव्हती. 'एवढे पैसे घालायचे तर सगळी अपाचेच का घेतली नाहीत' असं विचारणाऱ्यांनी मात्र वरचे दोन भागाकार डोळ्यांसमोर ठेवावेत. कागदावर अपाचे सरस दिसतं, कारण कागद समुद्रसपाटीला असतो.

हे हलकेपण फुकट मिळालं नाही. २००६ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली, २९ मार्च २०१० रोजी बंगळुरूत पहिलं उड्डाण झालं, आणि पहिला नमुना ठरवलेल्या वजनापेक्षा जड भरला. मोटारीत असं झालं तर सरासरी थोडी घसरते. इथे त्या उंचीवरचा वाढीव प्रत्येक किलो सरळ शस्त्रांतून किंवा इंधनातून वजा होतो. पुढच्या नमुन्यांत ब्रॅकेट, तारांचे जुडगे, सांगाडा असं मिळेल तिथून वजन काढत जावं लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेहला रात्रभर गारठ्यात उभं ठेवून सकाळी स्वतःच्याच बॅटरीवर इंजिन सुरू करण्याच्या चाचण्या झाल्या. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण अशा थंडीत बॅटरी निम्मी मरते, वंगण काकवीसारखं घट्ट होतं, हायड्रॉलिकचे रबरी सील आखडून गळू लागतात. आणि पुढच्या तळावर बाहेरून वीज द्यायला गाडी असेलच असं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सियाचीनच्या पुढच्या तळांवर ४,८०० मीटर उंचीवर उतरलं. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला हवाई दलात दाखल झालं तेव्हा 'प्रचंड' हे नाव मिळालं.

इथपर्यंतचं कौतुक मनापासून. आता कुसळं.

सरकारी निवेदनांत एक वाक्य वारंवार येतं: ५,००० मीटरवर 'लक्षणीय' शस्त्रं व इंधन घेऊन उतरू आणि उडू शकणारं हे जगातलं एकमेव लढाऊ हेलिकॉप्टर. लक्षणीय म्हणजे किती किलो? उतरणं आणि झुंजणं यांत फरक आहे. जमिनीलगत रोटरखाली दबलेल्या हवेची गादी तयार होते, तिच्यावर हेलिकॉप्टर कमी ताकदीत तरंगतं. कड्याच्या आडून डोकं वर काढून नेम धरायचा असतो तेव्हा खाली हजार फुटांची दरी असते आणि गादी नसते. तिथे स्थिर राहायला जमिनीलगतच्यापेक्षा बरीच जास्त ताकद लागते. एक हेलिना रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सुमारे ४३ किलोचं. चार घेतली की पावणेदोनशे किलो, प्रक्षेपक वेगळा. त्यात २० मिमी तोफेचा दारूगोळा, रॉकेटचे पॉड, दोन माणसं, आणि परतण्यापुरतं इंधन. यातलं काय सोडून काय न्यायचं, हे वैमानिकाने रोज सकाळी तापमान बघून ठरवायचं. हे आकडे शत्रूला कळू नयेत हे मान्य. पण संसदेच्या स्थायी समितीपुढे बंद दाराआड ते ठेवता येतात, आणि ठेवले गेले पाहिजेत.

दुसरं कुसळ जास्त टोचणारं. २०२२ मध्ये प्रचंड सेवेत आलं तेव्हा त्याच्यावर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र बसलेलं नव्हतं. फ्रेंच तोफ होती, बेल्जियमची ७० मिमी रॉकेटं होती, हवेतल्या लक्ष्यासाठी मिस्ट्राल क्षेपणास्त्र होतं. हेलिनाच्या चाचण्या एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरच्या सशस्त्र आवृत्तीवरून झाल्या; एप्रिल २०२२ मध्ये उंचावरच्या भागातही झाल्या, सात किलोमीटरचा पल्ला सिद्ध झाला. पण क्षेपणास्त्र चाचणीत लागणं आणि ते विशिष्ट हेलिकॉप्टरवर बसणं यांत वर्षं जातात. पंखावर बसवल्यावर कंपनं किती होतात, डागताना ज्वाळा इंजिनाच्या तोंडात जाते का, एका बाजूचं सुटल्यावर तोल किती ढळतो, दर्शकयंत्र आणि क्षेपणास्त्राचा डोळा एकाच ठिकाणी बघतात का, हे सगळं एकेक करून तपासावं लागतं. हे काम हेलिकॉप्टरच्या बांधणीबरोबर चालायला हवं होतं. आपल्याकडे ते मागून आलं. दूर मारणारं शस्त्र नसलेलं हेलिकॉप्टर जवळ जातं, आणि जवळ गेलेल्याचं काय होतं ते तोलोलिंगला दिसलं आहे.

रॉकेटांबद्दल एक बारीक गोष्ट. विरळ हवेत रॉकेट आणि गोळी जास्त लांब जाते, वाऱ्याने वेगळी वाहते. मैदानात तयार केलेले नेमाचे तक्ते डोंगरात चुकतात. कारगिलमध्ये सुरुवातीला बॉम्ब चुकण्यामागे हेही एक कारण होतं. देवळालीच्या तोपखाना विद्यालयात शिकलेल्या कुणालाही हे नवं नाही. तोफेच्या गोळ्यासाठी हवेचा दाब आणि तापमान मोजून दुरुस्ती करणं हे तिथलं रोजचं अंकगणित. दरवर्षीच्या 'तोपची' सरावात तोफांच्या जोडीला लष्करी हेलिकॉप्टरंही दिसतात. पण प्रेक्षकांसमोर मैदानी हवेत लागलेला नेम वेगळा आणि लडाखमधला वेगळा.

आता ड्रोनवाल्यांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये करबलाजवळ तीसेक अपाचे एका रात्री हल्ल्याला गेली. जवळपास प्रत्येकाला गोळ्या लागल्या, एक खाली आलं, वैमानिक पकडले गेले. समोर होत्या साध्या बंदुका आणि जुन्या विमानवेधी तोफा. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये रशियाची केए-५२ लढाऊ हेलिकॉप्टरं एकामागून एक पडली आणि दोन्ही बाजूंची हेलिकॉप्टरं नाक वर करून दुरूनच रॉकेटं झोकून देऊ लागली, ज्यात नेम जवळजवळ नशिबावर. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने लढाऊ हेलिकॉप्टरं मोडीत काढून त्यांचं काम ड्रोनकडे द्यायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन लष्कराने आपला नवा टेहळणी-हल्ला हेलिकॉप्टर प्रकल्प बंद केला. हा सगळा पुरावा खरा आहे.

पण पुरावा पुरता वाचावा. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचं चिलखती दल सुरुंगांत अडकलं, तेव्हा त्याच केए-५२ नी आठ-दहा किलोमीटरवरून क्षेपणास्त्रं सोडून त्याचा पुढचा मार्ग बंद केला. फरक शस्त्राच्या पल्ल्याचा होता. म्हणजे पुन्हा आपलं हेलिनाचं कुसळ. त्याच युद्धात युक्रेनची जुनी एमआय-२४ हेलिकॉप्टरं आता रशियाच्या शाहेद ड्रोनच्या मागे जाऊन ती पाडतात. लाखो रुपयांच्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र खर्च करण्यापेक्षा तोफेच्या चार गोळ्या स्वस्त. आणि पोलंडने, ज्याच्या दाराशी हे युद्ध चाललंय, ऑगस्ट २०२४ मध्ये ९६ अपाचेंचा करार केला.

आपला प्रश्न तर आणखी निराळा. दोन-चार किलोचं बॅटरीवर चालणारं ड्रोन उणे वीस तापमानात आणि पाच हजार मीटरवर जाऊन बघा: बॅटरी लवकर बसते, छोट्या पात्यांना हवा मिळत नाही, आणि दरीतला वारा त्याला पतंगासारखा नेतो. मोठं ड्रोन वर तरंगू शकतं, पण दोन कड्यांच्या फटीतल्या बंकरचं तोंड त्याला वरून दिसत नाही. आणि रेडिओचा धागा डोंगराआड गेला की तुटतो. तिथे माणूस बसलेलं, दरीतून वाट काढणारं, जागेवर निर्णय घेणारं यंत्र अजून लागतं. अजून म्हणतो; पंधरा वर्षांनी लागेलच असं मी लिहून देणार नाही. म्हणूनच प्रचंड घेताना त्याच्या वैमानिकांच्या पडद्यावर ड्रोनचं चित्र थेट यायला हवं. ड्रोनने कड्यापलीकडे डोकवायचं, लक्ष्य दाखवायचं, आणि हेलिकॉप्टरने आडून मारायचं. डोंगरात ही खबरदारी दुप्पट गरजेची, कारण खोऱ्यातून जाणाऱ्या हेलिकॉप्टरकडे कड्यावरचा सैनिक वरून बघत असतो. इंजिनाच्या ज्या तप्त भागाला जमिनीवरच्या नजरेपासून लपवलं, तोच त्याला उघडा दिसतो. रडार, लेझर आणि क्षेपणास्त्राची चाहूल देणारी यंत्रणा प्रचंडवर आहे, फ्लेअरही आहेत. तोलोलिंगच्या एमआय-१७ वर यातलं काहीच नव्हतं, एवढा पल्ला नक्की गाठला.

पैशांकडे येऊ. मार्च २०२२ मध्ये १५ हेलिकॉप्टरं ३,८८७ कोटींना मंजूर झाली. दर नगाला २५९ कोटी. २०२५ चा करार भागला तर दर नगाला ४०२ कोटी. तीन वर्षांत दीडपटीहून जास्त. दोन्ही करारांत नेमकं काय काय धरलंय ते वेगळं असणार; नव्यात प्रशिक्षण आणि संबंधित सामग्री आहे असं मंत्रालय सांगतं. पण ४०२ मधलं यंत्र किती, सुटे भाग किती, सिम्युलेटर किती, शस्त्रं किती, हे फोडून दिलेलं नाही. घर घेणारा माणूससुद्धा पार्किंग आणि सोसायटीचे पैसे वेगळे लिहून मागतो.

सुटे भाग हा या सगळ्यातला सर्वांत नीरस विषय आणि खरी मेख तिथेच. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. तपासात बोट गेलं स्वॉशप्लेटकडे. हा भाग काय करतो? रोटरच्या दांड्याभोवती एकावर एक दोन ताटल्या असतात, मध्ये बेअरिंग. खालची ताटली फिरत नाही. वैमानिकाच्या दांडीनुसार ती कलते किंवा वर-खाली होते. वरची रोटरबरोबर गरगर फिरते आणि तोच कल प्रत्येक पात्यापर्यंत पोचवते. ती तुटली की वैमानिकाच्या हातातली दांडी नुसती काठी उरते. दुसरी व्यवस्था नाही, पर्याय नाही. मग देशभरातली तीनशेहून जास्त ध्रुव जमिनीवर बसवली गेली, काही महिने. सियाचीनपासून अंदमानपर्यंतचं काम अडलं.

प्रचंड हे ध्रुवच्याच घरातलं. रोटर, गिअरबॉक्स, इंजिन यांचं कूळ एक. एरवी ही जमेची बाजू: एकच तंत्रज्ञ दोन्ही यंत्रं हाताळतो, एकच सुटा भाग दोघांना चालतो, नवा नमुना लवकर उडतो. पण कुळातला दोष कुळात उतरतो. उद्या असाच एक भाग संशयात आला तर ध्रुव, त्याची सशस्त्र आवृत्ती रुद्र आणि जुनी १५ धरून १७१ प्रचंड यांच्या तपासण्या एकाच रांगेत येतील, आणि दुसऱ्या घराण्याची म्हणून हाती राहतील ती मोजकी अपाचे. याला उत्तर स्वदेशी सोडणं हे नव्हे. अशा भागांचं आयुष्य तासांत मोजून मुदतीआधी बदलणं, प्रत्येक भागाची जन्मकुंडली ठेवणं, आणि बदलायला दुसरा भाग कपाटात तयार असणं, एवढंच त्याचं उत्तर. कपाट रिकामं असलं की तपासनीसावर 'चालतंय तोवर चालू दे' असा दबाव येतो. हे कुठल्याही एसटी डेपोतला मेकॅनिक सांगेल.

आणि हे कपाट भरण्याचं काम नाशिकपर्यंत येऊ शकतं. प्रचंडची जुळणी बंगळुरू आणि तुमकुरूला होणार, ओझरला नाही. ओझरच्या कारखान्याला लोक अजून 'मिग'च म्हणतात, मिग-२१ निवृत्त झालं तरीही. तिथे सुखोई झाली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच तेजस एमके-१ए उडालं. हेलिकॉप्टर इथे जोडलं जात नाही याची हळहळ नको. करारात २५० देशी कंपन्यांचा सहभाग धरला आहे, बहुतेक लघुउद्योग. अंबड, सातपूर, सिन्नरच्या शॉपना तिथे जागा आहे. पण त्यांनी एक गोष्ट आधीच ओळखून असावी. मोटारीच्या सुट्या भागांत महिन्याला हजारो नग निघतात आणि नगामागची पैशाची बचतही दिसते. इथे पाच वर्षांत १५६, म्हणजे वर्षाला तीसेक. माप मायक्रॉनमध्ये बरोबर असूनही नग भंगारात जाऊ शकतो, कारण त्या सळईचा हीट नंबर (धातू कोणत्या भट्टीच्या घाण्यातला ते सांगणारा क्रमांक) कागदावर जुळला नाही. टूलची बारीकशी खरड जॉबवर राहिली तर तिथूनच पुढे थकव्याची भेग सुरू होते, म्हणून घडीव पृष्ठभागावर शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करणं) आणि चिरा शोधणारी तपासणी. दोन्हींना मान्यताप्राप्त जागाच हवी. पहिल्या नगाचा तपासणी अहवाल मंजूर व्हायलाच कितीतरी महिने जातात, आणि तोवर मशीनचा हप्ता थांबत नाही. जुळणीच्या ऑर्डरबरोबर पुढच्या वीस वर्षांच्या सुट्या भागांची ऑर्डर जोडून दिली तरच लहान उद्योजकाचं हे गणित बसतं. ती जोडून द्या, ही मागणी नाशिकच्या उद्योजक संघटनांनी आजच करायला हवी; सत्काराच्या शाली नंतर.

नाशिकचा दुसरा संबंध जास्त जुना आहे. लष्कराच्या स्वतःच्या हेलिकॉप्टर शाखेचे (आर्मी एव्हिएशन) वैमानिक गांधीनगरच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये घडतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून इथूनच बाहेर पडल्या. ९० प्रचंड लष्कराला म्हणजे यंत्रामागे दोन माणसं धरून, रजा, आजारपण, बदली, पुढचं शिक्षण जमेस धरता, तीनशेच्या घरात प्रशिक्षित वैमानिक लागतील असा माझा ढोबळ अंदाज. शिवाय तंत्रज्ञ त्याच्या कितीतरी पट. आणि पायाभूत उड्डाणाचा मोठा भार अजून चेतक-चीतावर. चीताचं आर्टूस्ट इंजिन एकाच दांड्याचं, ठराविक वेगाने फिरणारं, साध्या काट्यांचं. प्रचंडमध्ये दोन इंजिनं, त्यांचं नियंत्रण संगणकाकडे, समोर काचेचे पडदे, हेल्मेटवरच नेम. चीतात गुरू शेजारी बसतो. शिष्याचा हात चुकीच्या बटनाकडे गेला की बखोटी धरता येते. प्रचंडमध्ये एकामागे एक बसायचं. एकमेकांचे हात दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही. 'माझ्याकडे नियंत्रण', 'तुमच्याकडे नियंत्रण' हे प्रत्येक वेळी तोंडाने बोलावंच लागतं, आणि इंजिनाचा तपमानाचा काटा वाढतोय हे बघून गप्प बसून चालत नाही. ही सवय पहिल्या पन्नास तासांतच लावावी लागते. नंतर मोडायला जड जाते.

करारानुसार पहिली हेलिकॉप्टरं तिसऱ्या वर्षापासून येणार, म्हणजे २०२८ च्या सुमारास, आणि पुढची पाच वर्षं येत राहणार. सिम्युलेटर यंत्राच्या आधी हवा, मागून नाही. त्यात ४,८०० मीटरची हवा, दरीतला वारा आणि एक इंजिन बंद पडण्याचा क्षण हुबेहूब हवा, कारण तो क्षण खऱ्या यंत्रात शिकवणं म्हणजे यंत्र गमावणं. ४०२ कोटींत तो धरलाय का, किती संच, कुठे बसणार, हे अजून जाहीर नाही. तोवर गांधीनगरला मे महिन्यातल्या दुपारी चीता नेहमीसारखं जमिनीपासून मीटरभर उचललं जाईल, शिकाऊ वैमानिक काट्याकडे बघून ताकद किती उरली ते मोजेल, आणि उरली नसेल तर इंधन उतरवून पुन्हा उचलेल.